जोडं हजर

आबा सकाळी उठले की आधी तलावाचं पाणी वाचून येत आणि मगच चहा पीत. 'वाचून' हा त्यांचाच शब्द. बांधालगत पाण्यात एक खांब रोवलेला होता, त्यावर काळ्या-पांढऱ्या रंगात फूट आणि इंच आखलेले. तो आकडा मनात धरून ते घरापर्यंत येत. वाटेत कुणी रामराम केला तरी नुसती मान हलवत, कारण तोंड उघडलं तर आकडा सांडेल अशी त्यांना धास्ती. मग कोनाड्यातलं लांबोडकं सरकारी रजिस्टर खाली यायचं. तारीख, पातळी, पाऊस, दरवाजा उघडा की बंद, आणि शेवटी शेरा. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याला पाणी सोडायचं, बंद करायचं आणि तलाव सांभाळायचा. पिंपळनेरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, एका लहानशा तलावावरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहत होतो: आबा, आई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का आणि मी. गाव मैलभर लांब. शेजार म्हणाल तर तलावाचा, आणि जोड्याचा.

जोडं म्हणजे सारस. माणसाएवढा उंच, राखी रंगाचा, मान वरच्या बाजूला लालभडक. पण आमच्याकडे त्याला सारस कुणी म्हणत नसे. तो पक्षी एकटा कधी कुणी पाहिलाच नव्हता, म्हणून त्याचं नावच जोडं पडलं होतं. आणि नाव एकदा रुळलं की ते मोजत बसत नाही. दोन्ही पक्षी पाण्यात उभे असले तरी जोडं, आणि एक गवतात शिरून दुसरा बाहेर राहिला तरी बांधावरून जाणारा माणूस म्हणणार, "ते दख, जोडं चरी ऱ्हायनं." शेऱ्याच्या रकान्यात खरं तर दुरुस्तीबिरुस्तीचं लिहायचं असतं. आबा तिथे रोज दोन शब्द लिहीत: जोडं हजर. सहा-आठ महिन्यांतून एकदा साहेब येत, आकडे बघत, खाली सही ठोकत. एकदाच त्यांनी विचारलं, हे काय? आबांनी हात लांब करून पक्षी दाखवले. साहेब हसले आणि म्हणाले, बरं आहे, आमच्या ऑफिसात एवढी नियमित हजेरी कुणाची नाही.

उजाडायच्या सुमाराला ते ओरडत. गाणं म्हणता येणार नाही त्याला, तुतारीच ती. आधी नराची एक लांब, वर वर चढत जाणारी हाक, आणि ती संपते न संपते तोच मादीच्या दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. आई त्या आवाजावर चूल पेटवी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ अक्का मळायची आणि भाकरी आई थापायची. ज्या दिवशी फुनके वाफवले जात आणि कढीला फोडणी बसे त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचत असे, आणि गुरुजी छडी मारायच्या आधी काय खाल्लंस ते विचारत. उन्हाळ्यात बांधाच्या दगडी उतारावर धोतराचं जुनं पान अंथरून त्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचा आमचा कार्यक्रम असे. राखणीला मी, म्हणजे चोरालाच चावी दिलेली. अर्ध्या ओल्या बिबडीची चव ज्याला माहीत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. संध्याकाळी अक्का येई, एकदाच नजर फिरवी आणि म्हणे, कावळ्याने दोन नेल्या, उरलेल्या पाच तू खाल्ल्यास. तिची मोजणी कधी चुकली नाही. ती बोटांवरही मोजत नसे. बघितलं की तिचं मोजून झालेलं असे. हे मला तेव्हा फक्त माझ्या गैरसोयीचं वाटायचं.

आमच्या भागात नव्या नवरानवरीला जोडं दाखवायची रीत होती. गुजरातची हद्द जवळ, तिकडूनच आली असावी. लग्न लागलं, जेवणं उरकली की वरात निघायच्या आधी दोघांना बांधावर आणायचं, पदर-उपरण्याची गाठ न सोडता उभं करायचं, आणि म्हातारी माणसं सांगत, बघून घ्या, असं राहावं माणसाने. दहा-दहा कोसांवरून बैलगाड्या येत. आबा त्या दिवशी धुतलेला सदरा घालत आणि पक्षी कुठे चरताहेत ते आधी हेरून ठेवत, जणू लग्न त्यांच्याच घरचं. त्यामुळे त्या पक्ष्यांना कधी कुणी दगड मारला नाही. शिकारीचा नाद असलेली माणसंही आमच्या तलावावर बंदूक खांद्यावरून उतरवत नसत.

अक्काचं लग्न वैशाखात झालं. सासर अमळनेरकडचं, मुलगा सोसायटीत नोकरीला. जेवणाच्या पंगतीत वांग्याचं भरीत कमी पडलं आणि आईचा जीव वरखाली झाला, एवढंच मला त्या दिवसाचं पक्कं आठवतं. ऊन कलल्यावर सगळे बांधावर गेले. तलाव आटून मधोमध गोळा झाला होता आणि पलीकडच्या काठाला पाणगवत माजलं होतं. गवताच्या पुढ्यात एक पक्षी उभा होता. वऱ्हाडातल्या कुणा बाईने विचारलं, दुसरा कुठे? आबा म्हणाले, "दुसरं गवतमा शे." आणि त्यांनी गवताकडे बोट केलं. सगळ्यांनी माना उंच करून तिकडे बघितलं. वाट बघायला वेळ नव्हता, गाडी गाठायची होती. जोडं दिसलं, असं म्हणून लोक उतरले. मीही तसंच म्हटलं.

अक्का दिवाळीला आली आणि परत गेली नाही. कारण काही फार मोठं नव्हतं, म्हणून तर सांगता येण्यासारखं नव्हतं. मारझोड नाही, हुंड्याचं बोलणं नाही. त्या माणसाला लग्नच करायचं नव्हतं, घरच्यांनी उभं केलं म्हणून उभा राहिला, आणि सहा महिन्यांत तो तिच्याशी मोजून दहा वाक्यं बोलला. मोजून म्हणते, कारण तिनेच मोजली होती. संक्रांतीनंतर सासरची चार मोठी माणसं बैठकीला आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांच्यातल्या एका काकांनी मुद्दा काढला. त्यांच्या बायका म्हणत होत्या की लग्नाच्या दिवशी पक्षी एकच होता. फुटकं जोडं बघून आलेली मुलगी घरात टिकायची कशी? तिचा पायगुणच तसा, त्यात आमच्या मुलाचा काय दोष? कावळा बसायला आणि फांदी मोडायला, अशी ती गोष्ट. पण अशा गोष्टी गावाला फार लवकर पटतात, आणि एकदा पटल्या की त्या मुलीच्या अंगाला जन्मभर चिकटून राहतात. माझे आबा त्या दिवशी उठले, कोनाड्यातून रजिस्टर काढलं, वैशाखाचं पान उघडलं आणि काकांपुढे धरलं. लग्नाच्या तारखेपुढे लिहिलेलं होतं: जोडं हजर. खाली साहेबाची सही. सरकारी कागद, पांढऱ्यावर काळं. काका गप्प बसले. गावही गप्प बसलं. नांदवून घेत नाहीत तो त्यांचा दोष, पोरीचा नाही, इतकं तरी त्या पानाने करून दिलं. त्या दिवसापासून आबा शेरा जरा मोठ्या अक्षरात लिहायला लागले.

आता माझी चूक सांगते. उन्हाळ्यात खात्यामार्फत एक पत्र आलं. धुळ्याच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक खानदेशातल्या सारसांची नोंद करत होते. प्रत्येक तलावावरच्या कर्मचाऱ्याने कळवावं: कधी दिसले, कुठे, संख्या किती. आबांनी ते पत्र वाचलं, घडी केली आणि रजिस्टरखाली सरकवून दिलं. मला वाटलं आळस केला. माझं अक्षर शाळेत पहिलं, वय चौदा, आणि सरकारी पत्राला उत्तर द्यायची संधी कुणाच्या बापाला मिळते? मी फुलस्केपवर रकाने आखले आणि पाच वर्षांचे शेरे उतरवून काढले. संख्येच्या रकान्यात काय लिहायचं यावर मी अर्धा क्षणही थांबले नाही. जोडं म्हणजे दोन. वरपासून खालपर्यंत दोन, दोन, दोन. आबांनी आयुष्यात कधी 'दोन' लिहिलं नव्हतं. ते मी लिहिलं, आणि पत्र परस्पर टपालात टाकून मोकळी झाले.

मी पक्षी रोज बघत होते की. शाळेत जाताना बघत होते, येताना बघत होते, आणि 'जोडं' म्हणत होते. बघणं आणि मोजणं ही दोन निराळी कामं आहेत, हे मला पुढे तीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेताना कळलं. वर्ग भरलेला दिसतो, आणि कोपऱ्यातली मुलगी आठवडाभर आलेली नसते.

ते प्राध्यापक सर श्रावणात आले, एसटीने पिंपळनेरपर्यंत आणि तिथून भाड्याच्या सायकलवर, हँडलला छत्री अडकवून. पन्नाशीचे, काटकुळे, चष्म्याला दोरा. त्यांना बघून आबांचा चेहरा उतरला आणि माझा फुलला. रात्री डाळ-बट्टी खाताना सरांनी सांगितलं की धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांतून सारस म्हणून कळवलेलं त्यांनी पायाखाली घातलं होतं. दीपनगरच्या वीजकेंद्राजवळच्या राखेच्या तळ्यावरचा सारस राखी बगळा निघाला. असोद्याच्या केळीच्या मळ्यात दिसलेला करकोचा निघाला. दुसऱ्या एका गावातला तर कुणी पाहिलेलाच नव्हता, कळवायचं म्हणून कळवलेला. अख्ख्या खानदेशात एकाच ठिकाणची नोंद रोजच्या रोजची, सरकारी आणि सुवाच्य होती. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी बट्टी आणखी बारीक चुरायला लागले. आता हे जोडपं अंडी घालतं का तेवढं बघायचं, म्हणाले. आबा हात धुवायला उठले. अक्का चुलीशी बसून ऐकत होती.

पहाटे सर पायरीवर चहाचा कप घेऊन बसले. मी शेजारी. आबा पाणी वाचून आलेले, रजिस्टर मांडीवर. तलावावरून हाक आली. एक लांब, वर चढत जाणारी. सरांनी कप खाली ठेवला आणि एक बोट वर करून थांबले. पुन्हा हाक आली. पुन्हा ते थांबले. तिसऱ्यांदा आली तेव्हा मलाही ऐकू आलं, म्हणजे जे येत नव्हतं ते ऐकू आलं. दोन आखूड नव्हत्या. किती महिने नव्हत्या, देवाला ठाऊक. त्याच आवाजावर मी रोज उठत होते.

"मादी घरट्यावर बसलेली असली तरी उत्तर देते," सर हळू म्हणाले. मग आबांकडे वळून म्हणाले, "भाऊ, जोडं म्हणजे दोन ना?"

आबा रजिस्टरकडे बघत राहिले. "जोडं म्हनजे जोडं," ते म्हणाले. मग म्हणाले, दुसरं गवतात असेल. सर वाद घालणारे नव्हते. पण ते उद्या काठाकाठाने फिरून बघणार, आणि नाही दिसलं तर त्यांच्या यादीत लिहिणार, हे आबांना आणि मला एकदमच कळलं. यादी छापली जाणार, खात्यात येणार, खात्यातून गावात येणार. मग बैठकीत दाखवलेलं पान खोटं, आणि अक्का खोटी. माझ्या फुलस्केपने हे घरात आणलं होतं. माझे कान इतके तापले की मी दोन्ही हातांनी झाकून घेतले.

अक्का दारात येऊन उभी होती. हाताला पीठ. सरांकडे न बघता ती आबांना म्हणाली, "आबा, लगीनना दिन भी एकच व्हतं. मी तवयच मोजेल व्हतं."

आबांनी मान वर केली. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही ते रडले नाहीत, पण चेहरा तसा झाला. मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या तीन दिवस आधी पलीकडच्या शेतात, मोटारीसाठी नव्यानेच ओढलेल्या विजेच्या तारांखाली, मादी पडलेली त्यांना सापडली होती. घरात हळदीची जात्यावरची गाणी चाललेली. त्यांनी तिला बाभळीखाली पुरलं आणि कुणाला कळू दिलं नाही, आईलाही नाही. लेकीला जोडं दाखवायचं होतं ना, म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा बोट गवताकडे केलं, मग रोज करत राहावं लागलं.

"माले मालूम व्हतं," अक्का म्हणाली. "बोट गवतकडे व्हतं, पन तुमनी नजर खाले व्हती."

म्हणजे पंधरा महिने ही दोघं एकमेकांना सांभाळत होती. आबा तिच्यासाठी 'हजर' लिहीत होते, आणि रोज लिहिल्याने त्यांना बरं वाटतं म्हणून ती बोलत नव्हती. मधे मी माझं सुंदर अक्षर घेऊन. अक्का मग पायरीवर बसली आणि नेहमीच्या आवाजात बोलली. सासरी जमलं नाही ते त्या माणसामुळे. त्याचं खापर पक्ष्यावर फोडायचं नाही आणि पक्ष्याच्या आड लपायचंही नाही. गावाला जे बोलायचं ते बोलू दे. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय लागतं. सरांना तिने सांगितलं, एक लिहा.

गाव बोललंच. विहिरीवर, लग्नांत, अक्का समोर असताना आणि नसताना. ती ऐकून घेई आणि घागर उचलून चालू लागे. दुसऱ्या वर्षी तिने जळगावला नर्सिंगच्या शिक्षणाचा अर्ज भरला, आणि पुढे तिच्याच खोलीवर राहून मी शिकले. आज आम्ही दोघी जळगावातच राहतो, माझे यजमान गेल्यापासून एकाच घरात. ती सुखी होती का, असं लोक मला आडून विचारतात. तिलाच विचारा, ती मोजून सांगेल. तो पक्षी त्यानंतर दोन पावसाळे आमच्या तलावावर राहिला आणि तिसऱ्याला दिसला नाही. आता सारस बघायला राज्याच्या पूर्व टोकाला, धानाच्या शेतांपर्यंत जावं लागतं, आणि तिथेही ते फार उरलेले नाहीत. पक्षी बघणारी इथली तरुण मुलं कधीमधी मोबाइलवर फोटो पाठवतात, मॅडम, सारस का? बहुतेक वेळा राखी बगळाच असतो. पण मी आधी तेच विचारते: किती होते?

सर त्या दिवशी दुपारी निघाले. निघण्याआधी त्यांनी पिशवीतून धुळे आणि जळगाव जिल्ह्यांचा नकाशा काढून ओसरीवर पसरला. ठिकठिकाणी पेन्सिलीच्या खुणा आणि त्यांवर काट. फक्त आमच्या तलावाजवळ एक काळा भरीव ठिपका होता. माझ्या पत्रावरून काढलेला. त्यांनी मला समजावून सांगितलं, कारण मी मान वर करत नव्हते: जिथे जोडी असते तिथे भरीव ठिपका काढायचा, आणि एकटा पक्षी असेल तिथे पोकळ गोल. चूक कुणाचीही होते, म्हणाले, म्हणून तर पेन्सिल वापरायची. खोडरबराने त्यांनी तो ठिपका हलकेच पुसला आणि त्या जागी गोल काढला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. आबा, आई, मी. एवढ्या मोठ्या खानदेशात तो एवढासा रिकामा गोल.

अक्का मागे उभी होती. तिने विचारलं, "पोकळ कसाले, सर? एक म्हनजे पुरं एक शे ना?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तशी पद्धत आहे, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलेलं मी बघितलं. मग त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि त्या गोलाच्या आत नीट, ठसठशीत आकडा लिहिला: १.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाणी वाचून आले. तारीख, पातळी, पाऊस, दरवाजा बंद. शेऱ्यापाशी ते बराच वेळ थांबले. तलावावर हाक झाली, एक लांब, आणि पुढे काही नाही. आबांनी लिहिलं, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली आणि रजिस्टर कोनाड्यात न ठेवता अक्कासमोर धरलं. तिने पिठाचा हात पदराला पुसून वाचलं आणि मान हलवली. मी तिच्या खांद्यावरून डोकावले. नेहमीचेच दोन शब्द होते, त्यातला पहिला तेवढा बदलला होता. एक हजर.